पोरकं गृहीतक

माझी बायको गेली त्या दिवशी कर्नलसाहेब पहिल्यांदाच खाली छापखान्यात आले. आमच्या इमारतीत वर नियोजन विभाग आहे आणि तळमजल्यावर नकाशांचा छापखाना. वरच्या लोकांना नकाशा हवा असला की ते फोन करतात, नाहीतर शिपाई पाठवतात. स्वतः कोणी येत नाही, कारण आमच्या फरशीवर शाई असते आणि त्यांच्या बुटांना पॉलिश.

मशीनवर निळा रंग चालू होता. नकाशात एकेक रंग वेगळा छापावा लागतो, आणि निळा म्हणजे नद्या, तळी, विहिरी. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मशीनवरच्या सहकाऱ्याने खांद्याला हात लावला म्हणून वळून पाहिलं, तर साहेब दारात उभे. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"मास्तर, मशीन बंद करा," ते म्हणाले.

"नकाशात काही चुकलंय का?"

"नाही. बाई बैठकीत बोलत होत्या. बोलता बोलता खाली बसल्या. डॉक्टर धावत आले."

"कुठल्या दवाखान्यात नेलं?"

"कुठे नेलं नाही, मास्तर."

मी मशीन बंद केलं, शाईवर झाकण घातलं, हात पुसले आणि त्यांच्याबरोबर वर गेलो. मास्तर किती धीराचे, असं लोक नंतर म्हणाले. धीर वगैरे काही नव्हता. हात आपलं काम करत होते आणि मी त्यांच्या मागून चाललो होतो. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला काही कळलंही नसेल, असंही म्हणाले. ते तसं सगळ्यांनाच सांगत असतील.

ती सिस्टिम्स इंजिनियर होती, सैन्यातली नव्हे. आधी विमानतळावर होती. प्रवाशांच्या बॅगा पट्ट्यांवरून फिरत फिरत बरोबर त्याच विमानात कशा पोचतील, हे ती बघायची. ती सांगायची की बॅग हरवते ती पट्ट्यावर हरवत नाही, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना हरवते. नियोजन विभागाने तिला बोलावून घेतलं ते यासाठीच. त्यांच्या मोठ्या आराखड्यात प्रत्येक खात्याचं पान चोख असायचं, पण सगळी पानं एकत्र ठेवली की भलतंच काहीतरी निघायचं. ज्या रस्त्याने सकाळी तोफा पुढे जाणार, त्याच रस्त्याने त्याच सकाळी जखमींच्या गाड्या मागे येणार, असं.

पहिल्याच बैठकीत ब्रिगेडियरसाहेब तिला म्हणाले, "बाई, युद्ध म्हणजे बॅगा नव्हेत."

ती म्हणाली, "खरं आहे साहेब. बॅगा निदान ठेवल्या तिथे थांबतात."

हे तिने मला घरी सांगितलं. गावांची नावं, ठिकाणं, तारखा ती कधी सांगायची नाही. गुप्ततेची शपथ आम्ही दोघांनीही घेतलेली होती, पण एकाच इमारतीत असलो तरी तिचा मजला वेगळा आणि माझा वेगळा. पद्धत मात्र ती सांगायची, भाजी निवडता निवडता. भिंतीवर सगळ्यांत वर एकच वाक्य लिहायचं, की हे सगळं झाल्यावर शेवटी काय शिल्लक राहायला हवं. ते एक वाक्य साहेब लोकांकडून काढायला तिला काही महिने लागले, कारण ते पानंच्या पानं द्यायचे. त्या वाक्याच्या खाली, ते व्हायचं असेल तर काय काय व्हायला हवं. त्याच्या खाली, ते कशाने होणार. कुठल्याही चौकटीवर बोट ठेवलं तर वर बघून "कशासाठी?" आणि खाली बघून "कशाच्या जोरावर?" या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर चौकट पुसायची, मग ती कोणाची का लाडकी असेना.

सगळ्यांत खाली गृहीतकं. म्हणजे ज्या गोष्टी आपण करणार नाही, त्या तशाच असतील असं धरून चाललोय. अमुक घाट हिवाळ्यातही उघडा असेल. तमुक शेजारी देश गप्प बसेल. वरचा सगळा डोलारा या गोष्टींवर उभा, आणि या गोष्टी कोणाच्याच नाहीत. म्हणून तिने नियम केला की प्रत्येक गृहीतकाला एक पालक हवा. जिवंत माणूस, नावानिशी. खात्याचं नाव चालणार नाही. ते खरं आहे की नाही हे बघत राहणं त्याच्याकडे, आणि ते मोडलं तर सगळ्यांत आधी ओरडणंही त्याच्याकडेच. पालकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला तर गृहीतक पोरकं. पोरक्या गृहीतकाला कोणी दत्तक घेतलं नाही तर त्याच्यावरचं सगळं लाल रंगात.

वरच्या मजल्यावर तिला "अनाथाश्रमवाल्या बाई" म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

घरी हेच चालायचं. एकदा माझ्या बहिणीकडे निघालो आणि अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "कुलूप लावलंस ना?" मी म्हटलं, "तू नाही लावलंस?" बस थांबवून उतरलो, परत आलो, तर कुलूप लावलेलं होतं. कोणी लावलं ते आजतागायत ठरलं नाही. तेव्हापासून घराबाहेर पडताना ती विचारायची, "कुलपाचा पालक कोण?"

ती गेल्यानंतर महिनाभराने मला वरून बोलावणं आलं. जिन्यातच आस्थापना विभागाचा कारकून भेटला. त्याला सगळे टाचणी म्हणतात, कारण कुठलाही कागद दिसला की तो दुसऱ्या कागदाला टोचून ठेवतो.

"मास्तर, रागावू नका," तो म्हणाला, "जरा घोटाळा झालाय."

घोटाळा असा होता. ज्यांना दुसरा पालक मिळाला नव्हता ती गृहीतकं बायकोने स्वतःच्याच नावावर घेतली होती. बाईंच्या जागी आता कोण, असं संगणकाने विचारलं. टाचणीने वारसाच्या रकान्यात जे नाव होतं तेच भरलं. वारस मी. मीही याच कचेरीतला, शपथ घेतलेला, नोकरीत असलेला, त्यामुळे संगणकाने तक्रार केली नाही. बायकोच्या मागे मला घर मिळालं, तिची जुनी स्कूटर मिळाली आणि तिची सगळी गृहीतकं मिळाली.

वर कर्नलसाहेब आणि वकील बसले होते. वकील म्हणजे तिच्या हाताखालचा माणूस, खरं तर गणिताचा. पण कशावरही वाद घालतो म्हणून तिनेच त्याला ते नाव ठेवलं होतं. अंगाने जाडजूड, आणि त्या दिवशी माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"बसा मास्तर," साहेब म्हणाले. "नुसत्या सह्या करायच्यात. बहुतेकांना पालक मिळालेत. तुम्ही सोडलं असं लिहून दिलं की त्यांच्या नावावर जाईल."

मी सह्या करत गेलो. घाटाचं गृहीतक रस्तेवाल्या मेजरने घेतलं होतं, हवेचं हवामानवाल्याने. शेवटचा कागद साहेबांनी स्वतःच्या हातात ठेवला होता.

"हे मी घेतोय," ते म्हणाले.

"हे कोणी घेतलं नाही वाटतं?"

वकील पहिल्यांदा बोलला. "कोणी घेत नाहीये, मास्तर."

"काय आहे त्यात?"

साहेब वकिलाकडे बघून म्हणाले, "सांगायला काय हरकत आहे? आज तरी पालक तेच आहेत. बाईंचाच नियम, पालकाला माहीत असलंच पाहिजे."

वकिलाने भिंतीवरचा नकाशा दाखवला. मीच छापलेला. सीमेकडून एक खोरं खाली येतं, त्यात एक छोटं शहर, शहराच्या अलीकडे मोठी नदी आणि नदीवर एकच पूल. पलीकडचे चालून आले तर शहरात लढायचं नाही, नदीच्या अलीकडे उभं राहायचं, असं ठरलेलं. लोकांना पूल ओलांडून अलीकडे आणायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पूल उडवायचा. पुढचं सगळं, कोण कुठे किती दिवस टिकेल, मदत कुठून येईल, हे त्या तिसऱ्या सकाळवर उभं होतं. आणि तिसरी सकाळ एका वाक्यावर उभी होती: सूचना मिळाल्यापासून दोन दिवसांत शहरातले सगळे लोक पूल ओलांडतील.

"ओलांडतील का?" मी विचारलं.

"तेच तर गृहीतक आहे," वकील म्हणाला.

"ती काय म्हणायची?"

"म्हणायच्या, मला माहीत नाही. दोनदा जाऊन आल्या तिथे. सराव करून बघा म्हणायच्या. एक दिवस भोंगा वाजवा, लोकांना चालवा, घड्याळ लावा."

"मग का नाही केला?"

साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. ते मला खालचा माणूस समजून बोलले नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. "मास्तर, सैन्याने सराव केला तर पलीकडच्यांना त्याच दिवशी कळेल की आपण शहर सोडून नदीवर उभे राहणार. आणि शहराला काय कळेल? की आपलं सरकार आपल्याला सोडणार. महिनाभरात अर्धी घरं रिकामी होतील, दुकानं बंद. कधी होणारही नाही अशा युद्धासाठी मी चांगलं नांदतं गाव उजाड करू?"

मला ते पटलं. अजूनही पटतं.

"म्हणून मी ते घेतो आणि 'मान्य' असं लिहितो," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात आराखडा ब्रिगेडियरसाहेबांपुढे जातोय. मधली पायरीच नसेल तर जिना कसला?"

"'मान्य' म्हणजे खरं?"

"'मान्य' म्हणजे मान्य."

मी पेन खाली ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "दोन दिवसांनी सांगितलं तर चालेल का?" एवढंच विचारलं.

घरी माझी मोठी मेहुणी होती. बायको गेल्यापासून ताई आमच्याकडेच राहत होत्या आणि रोज उद्या जाते म्हणत होत्या. मी कामातलं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं की तिच्या नावावरचं एक काम माझ्याकडे आलंय, सोडून देऊ की ठेवू?

"सोडा, भावोजी," ताई म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःची औषधं वेळेवर घेता येत नाहीत."

"औषधाचं वेगळं."

"काय वेगळं? ती होती तेव्हा ती आठवण करायची, आता मी करते. मी गेले की कोण करणार आहे? आणि म्हणे तिचं काम बघतो."

रात्री लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. ताईंनी आधीच तिला बातमी पोचवलेली होती.

"बाबा, तुम्हाला ते काम करायचंय की आईचं काहीतरी हातात धरून ठेवायचंय?"

"दोन्ही असेल."

"दोन्ही नसतं असं. कपाटातल्या तिच्या साड्यांनाही तुम्ही हात लावू देत नाही मावशीला."

"साड्या कोणाला त्रास देत नाहीत."

"हे काम देईल का कोणाला त्रास? तुम्ही धरून ठेवलंत तर?"

त्रास कर्नलसाहेबांना झाला असता, आराखड्याला झाला असता. आणि सोडलं तर कोणाला, ते मी फोनवर बोलू शकत नव्हतो. पण तिने नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलं होतं. त्या कागदावर वरच्या ओळीत बायकोचं नाव होतं आणि खालच्या ओळीत माझं. लग्नाचा दाखला सोडला तर आमची दोघांची नावं असलेला दुसरा सरकारी कागद नाही. मी पूल आणि माणसं यांच्यासाठी अडून बसलो होतो की त्या दोन ओळींसाठी, हे मला खरंच कळत नव्हतं. म्हणून ठरवलं की जाऊन बघू. ती दोनदा गेली होती, मी एकदा जाईन.

सुट्टीच्या दिवशी सकाळच्या बसने गेलो. बस पुलाच्या अलीकडेच थांबते, पुढे चालत. पूल नकाशात मी किती वेळा छापला असेल, काळ्या रंगात दोन बारीक रेघा. प्रत्यक्षात तो अरुंद आहे. समोरून ट्रक आला की चालणाऱ्याला कठड्याला चिकटून उभं राहावं लागतं. पलीकडे गेल्यावर कारखान्याची चिमणी, मग दुकानं, मग चढावर घरं, आणि अगदी वर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेची लांबलचक इमारत.

पुलाजवळ एक इस्त्रीचं दुकान होतं. माझा शर्ट बसमध्ये चुरगळला होता, म्हणून तो काढून दिला आणि बनियनवर बाकावर बसलो. इस्त्री करणारी बाई चाळिशीची असेल, बोलकी. मी विचारलं, "कारखाना इतका जवळ. भीती नाही वाटत?"

"वाटून काय करता? चार वर्षांपूर्वी वायू सुटला होता त्यातून. भोंगा वाजला. गाडीवरून सांगत फिरले, पूल ओलांडा, पलीकडे जा."

"मग गेलात?"

"हो ना. आधी सगळे उलटे पळालो."

"उलटे का?"

"शाळा वर आहे ना. पोरं आणायला नको? आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर मास्तरीणबाई म्हणतात, पोरं केव्हाच गाड्यांत घालून पुलाकडे पाठवली. म्हणजे आम्ही शाळेत आणि पोरं पुलावर."

"मग परत खाली."

"परत खाली. तिकडे पुलावर पोरं रडतायत, आईबाप आल्याशिवाय त्यांना कोणाबरोबर सोडत नाहीत. आणि जो मोठा माणूस पुलावर पोचला तो मध्येच उभा राहून मागे बघतोय. पोलीस ओरडतायत, पुढे चला, पुढे चला. कोण जातं पुढे? आपलं माणूस मागे असताना?" तिने इस्त्री उलटी करून बाही फिरवली. "माझ्या सासूबाई कठड्याला धरून बसल्या. म्हणाल्या, माझा मुलगा दिसल्याशिवाय उठणार नाही. मुलगा बसलाय घरी, दार लावून, पंखा लावून. त्याला कोणी उठवलंच नव्हतं."

मी हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

"शेवटी झालं काय?"

"संध्याकाळी सांगितलं की वायू काही पसरला नाही, घरी जा. घरी मात्र सगळे पटापट गेले." तिने शर्ट घडी न घालता तसाच माझ्या हातात दिला. "तुम्ही पण त्या बाईंच्या खात्यातले का?"

"कुठल्या बाई?"

"आल्या होत्या एक. मागच्या वर्षी, आणि परत यंदा. घरोघरी हेच विचारत होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही कोणाला घेतल्याशिवाय निघणार नाही? मी म्हटलं, सासूबाईंना. त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला? मी म्हटलं, तो येईल मागून. खूप हसल्या."

"मी छापखान्यात असतो," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

बायकोने स्वतःचं काय सांगितलं, कोणाला घेतल्याशिवाय निघणार नाही म्हणाली, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. शर्ट घातला आणि बाहेर आलो. परत पूल चालून आलो तेव्हा मी मध्यावर थांबून मागे बघितलं. मागे माझं कोणी नव्हतं, तरी बघितलं. मागून येणारा सायकलवाला म्हणाला, "काका, कडेला व्हा."

दुसऱ्या दिवशी मी कर्नलसाहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "हे बाईंनी मला सांगितलं होतं. शाळेचं पण आणि सासूबाईंचं पण. आधी आराखड्यात एकच दिवस होता. त्यांच्या सांगण्यावरून दोन केले."

"मग दोन पुरतात का?"

"पुरतील असं वाटतं."

"तिला वाटत होतं?"

"त्या म्हणायच्या, वाटण्याचा रकाना आपल्याकडे नाही."

आम्ही दोघंही थोडं हसलो. मग मी विचारलं, "साहेब, तिसऱ्या सकाळी पुलावर माणसं उभी असली तर? मागे बघत? तो हुकूम तर आधीच लिहिलेला असणार. बटण दाबणारा पोरगा काय करेल?"

"तो माझा प्रश्न आहे, मास्तर."

"आज माझ्या नावावर आहे."

मी माझ्या डोक्यात बसमध्ये आलेली गोष्ट सांगितली. सैन्याने सराव करायचाच नाही. कारखान्याने करायचा. वायू सुटला तर काय, याचा सराव करायला कारखान्याला कोण हसेल? पलीकडच्यांना त्यातून काय कळणार? भोंगा त्यांचा, पूल तोच, आणि घड्याळ आपण लावायचं.

वकील दाराशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "दोन हरकती. एक, वायूचा सराव अर्ध्या दिवसाचा असतो, घर सोडून जाण्याचा नसतो. माणूस पंखा चालू ठेवून जातो. दोन, कारखाना दुसऱ्या मंत्रालयाकडे, शाळा तिसऱ्याकडे, पूल चौथ्याकडे. वर्ष जाईल."

"म्हणजे करू नये?"

"तसं कुठे म्हटलं? पूर्ण नाही कळणार, पण पुलावर थांबतात की नाही एवढं कळेल. करावाच. मी फक्त हरकती सांगितल्या."

ब्रिगेडियरसाहेबांपुढच्या बैठकीला मला बोलावलं, कारण कागदावर पालक मीच होतो. मी त्या खोलीत एकदाच गेलो होतो, ती खाली बसली त्या दिवशी. भिंतीवर तिची ती सगळी उतरंड तशीच होती. मी दाराजवळची खुर्ची घेतली. एकेक गृहीतक आलं, पालक उठला, बोलला, बसला. माझी पाळी आली तेव्हा ब्रिगेडियरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"छापखान्याचे मास्तर इथे कसे?"

टाचणीचा घोटाळा कर्नलसाहेबांनी दोन वाक्यांत सांगितला. काही लोक हसले. ब्रिगेडियरसाहेब हसले नाहीत. "बरं," ते म्हणाले, "लोक दोन दिवसांत ओलांडतील का?"

"मला माहीत नाही, साहेब."

"बाईंचं काय मत होतं?"

"तिलाही माहीत नव्हतं. कसं कळेल ते तिला माहीत होतं. ते अजून कोणी केलेलं नाही."

"म्हणजे तुम्ही मान्य लिहीत नाही."

"नाही लिहीत."

"मग दुसरा पालक नेमू. त्यात काय एवढं?" ते टेबलाभोवती बघत म्हणाले. "कोण घेतं?"

मी कर्नलसाहेबांकडे बघितलं नाही. त्यांनी घेतलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. त्यांचा हक्क होता आणि त्यांचं कारणही वाईट नव्हतं. खोलीत कोणीतरी घसा खाकरला. कर्नलसाहेब समोरच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारत होते, एकच रेघ, पुन्हा पुन्हा. त्यांनी हात वर केला नाही.

ब्रिगेडियरसाहेबांनी भिंतीवरची उतरंड खालून वर वाचली. माणूस मूर्ख नव्हता. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. तिसऱ्या सकाळचा आपोआप हुकूम काढून टाका. पूल उडवायचा की नाही हे त्या दिवशी पुलावरचा अधिकारी मला फोन करून विचारेल, मी सांगेन. मदतीची वेळ त्याप्रमाणे बदला. आराखडा लंगडा झाला, पण चालेल."

"फोन चालू असेल, हे गृहीतक झालं, साहेब," वकील म्हणाला.

आता सगळेच हसले, ब्रिगेडियरसाहेबसुद्धा. "लिहा," ते म्हणाले. "त्याचा पालक मी."

बैठक सुटल्यावर कर्नलसाहेब जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आले. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, "खालची फरशी जरा पुसून घेत जा मास्तर, त्या दिवशी माझे बूट गेले." मी हो म्हटलं.

हे सगळं होऊन आता बरेच महिने झालेत. ताई त्यांच्या घरी गेल्या. लेक येऊन गेली, तिने कपाट आवरलं आणि मी आवरू दिलं. तिचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मी कशासाठी अडलो, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. त्या बैठकीत मला बायकोची आठवण येत होती की पुलावर बसलेल्या त्या सासूबाईंची, हे मी स्वतःला विचारतो आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं. कारण कुठलंही असलं तरी पूल आपोआप उडवायचा तिसऱ्या सकाळचा हुकूम आज कुठे लिहिलेला नाही. तेवढ्याने मला झोप लागते.

कारखान्याला सरावाबद्दल वकिलाने तीनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे. शाळेने कळवलं की मुलांना आईबापांशिवाय पुढे नेण्याची परवानगी त्यांना वरून हवी. पुलाचं खातं कोणाकडे, यावर अजून दोन कचेऱ्यांचं एकमत नाही. मी या वर्षअखेर निवृत्त होतोय. गृहीतक तोपर्यंत माझ्या नावावर आहे. सराव झालेला नाही, आणि माझ्यानंतर ते कोण घेणार, हे ठरलेलं नाही.